बॅग कुणाच्या भरवशावर ठेवायची? एकट्याने फिरल्यावर माणसात नेमकं काय बदलतं

खंडवा स्टेशनवर पहाटे पावणेपाचला उतरले तेव्हा ‘मी कोण, कशासाठी जगते’ असले प्रश्न माझ्या डोक्यात नव्हते. मला बाथरूमला जायचं होतं आणि सॅक कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

घरच्यांबरोबर फिरणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. ‘जरा लक्ष ठेव गं’ म्हणायचं आणि उठायचं. बेचाळीस वर्षं मीही तेच केलं. आता लक्ष ठेवायला माझं असं कुणी नव्हतं, आणि आठ किलोची सॅक पाठीवर असताना बाथरूमच्या दाराची कडी लागत नाही हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वेटिंग रूममध्ये नजर फिरवली. एक तरुण मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. दोन आजोबा पांघरूण घेऊन आडवे झाले होते. कोपऱ्यात एक बाई मुलीची वेणी घालत होती. तिच्यापाशी तीन पिशव्या, एक पत्र्याची पेटी, शिवाय एक तान्हं मूल. मी हिशोब केला, जिचं स्वतःचंच इतकं सामान आहे आणि अर्धी वेणी जिच्या हातात आहे, ती माझी सॅक घेऊन कुठे पळणार? ‘दीदी, जरा सामान देखेंगे?’ तिने मानही वर केली नाही. ‘जाओ, जाओ.’

परत आले तेव्हा सॅक जागेवर होती. गोष्ट एवढीच. पण त्या पाच मिनिटांत मी चार अनोळखी माणसं जोखली होती, एकीवर भरवसा टाकला होता आणि तो बरोबर निघाला होता. शेवटचं असं कधी केलं होतं ते आठवेना.

एकट्याने प्रवास केला की माणूस बदलतो असं सगळेच म्हणतात. कशामुळे, ते मात्र धड कुणी सांगत नाही. डोंगर, नदी, सूर्यास्त यांच्यामुळे म्हणावं तर तेच सगळं आपण नातेवाइकांनी भरलेल्या मिनीबसमधूनही पाहिलेलं असतं, आणि जसे गेलो तसेच परत आलेलो असतो. मला वाटतं, बदल घडतो तो या बॅगेसारख्या गोष्टींमुळे. कुणावर किती भरवसा ठेवायचा याचा आपला जुना हिशोब एकट्या प्रवासात मोडतो आणि नव्याने मांडावा लागतो. हे कसं होतं याचा मानसशास्त्राने बराच शोध घेतला आहे. तो थोडा उलगडून सांगते, आणि जोडीला मध्य प्रदेशात, नर्मदाकाठच्या निमाडात काढलेले माझे पाच दिवस.

आधी स्वतःवरच्या भरवशाबद्दल. प्रवासाची कामं प्रत्येक घरात न बोलता वाटली गेलेली असतात. तिकिटं एकाकडे, रिक्षावाल्याशी घासाघीस दुसऱ्याकडे. आमच्या घरात डबे आणि औषधं माझ्याकडे. वीस वर्षं डबे भरणाऱ्या बाईला लॉजवाल्याशी बोलता येत नाही असं काही नसतं, तिच्यावर ती वेळच येत नाही. वेळ येत नाही, येत नाही म्हणता म्हणता ‘मला ते जमत नाही’ असं तिचंच मत होऊन बसतं. पुरुषांचंही तेच. एकट्याने चार दिवस गेलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला स्वतःच्या ॲसिडिटीच्या गोळीचं नाव ठाऊक नव्हतं.

अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये यावर एक सिद्धान्त मांडला. त्याने वापरलेला शब्द ‘सेल्फ-एफिकसी’, आपण त्याला ‘हे मला जमेल हा भरवसा’ म्हणू. हा म्हणजे सरसकट आत्मविश्वास नव्हे. माणसाला भाषण करण्याचा भरवसा असतो आणि पोहण्याचा नसतो, तसा तो कामाकामाचा वेगळा असतो. बँडुराच्या मते तो चार वाटांनी येतो. आपण स्वतः काम करून दाखवलेलं असतं, आपल्यासारख्या कुणाला तरी ते करताना पाहिलेलं असतं, ‘तुला जमेल’ असं कुणी सांगितलेलं असतं, आणि छातीतली धडधड आपण भीती म्हणून घेतो की उत्सुकता म्हणून, त्यावरही काही ठरतं. यातली पहिली वाट सगळ्यांत पक्की. म्हणून ‘तू करू शकतेस’ असे शंभर मेसेज वाचून जे होत नाही, ते एकदा करून होतं.

बँडुराचं आणखी एक म्हणणं मला फार पटलं. सहज मिळालेलं यश कच्चं असतं. अडथळा आला, अडलो, तरी पुढे गेलो, असं झालं तरच तो भरवसा टिकतो. म्हणजे सगळं ठरल्यासारखं पार पडलेल्या सहलीतून आपल्याला छान फोटो मिळतात, आणि फसलेल्या दिवसातून हे.

माझा फसलेला दिवस ओंकारेश्वरचा. फोनवरून खोली ठरवली होती. लॉजवर पोचले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘अकेली लेडीज को रूम नहीं देते.’ फोनवर विचारलं असतं तर सांगितलं असतं म्हणाला, जणू मी दोन डोकी लपवून आणली होती. मी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि थोडी रडले. मोबाइलला नऊ टक्के बॅटरी. नवऱ्याला लावलेला नंबर रिंग व्हायच्या आत कापला, कारण तो नाशिकहून करणार काय? वैतागणार, आणि वर ‘तरी म्हणत होतो’ म्हणणार. मग नारळ विकणाऱ्या बाईला विचारलं. तिने धर्मशाळा दाखवली, सोबत मुलगा दिला. तिथल्या मॅनेजरने आधार कार्ड पाहिलं, वडिलांचं नाव विचारलं, का आलात ते विचारलं, आणि खोली दिली. गादी पातळ होती, पण मी गाढ झोपले.

घरी आल्यावर सगळ्यांना सांगताना हा प्रसंग आपोआप विनोदी झाला. त्या पायऱ्यांवर मात्र तो मुळीच विनोदी नव्हता. ‘रडून झाल्यावर मी उठते’ ही माझ्याबद्दलची माहिती मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली. घरात ती कधी मिळाली नसती, कारण घरात रडलं की कुणीतरी उठवतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या नजरेची. एकट्याने जायला नको वाटण्यामागे चोरांच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी असते, फक्त ती बोलायची लाज वाटते. भोजनालयात शिरले. चार खुर्च्यांचं टेबल. वेटरने विचारलं, ‘और कौन आ रहे हैं?’ ‘कोई नहीं.’ वाटलं, आता सगळं भोजनालय वळून बघणार. शेजारच्या टेबलावर ताकाच्या ग्लासवरून दोन भाऊ भांडत होते, त्यांनीही पाहिलं नाही.

कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे नेमका बसतो. विद्यार्थ्यांना त्यांनी बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला. तरुणांना तो घालायची लाज वाटावी असाच निवडला होता. मग एकेकाला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं, टीशर्टवर कोण आहे हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात चौथा हिस्साही जेमतेम भरला. आपल्यावर जणू दिव्याचा झोत पडलाय असं प्रत्येकाला वाटतं. बाकीचे आपापल्या झोतात उभे असतात.

हे वाचून माहीत असणं वेगळं आणि तीन दिवस एकटीने जेवून अंगात भिनणं वेगळं. पहिल्या दिवशी मी जेवताना मोबाइल धरून बसले होते, काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं दाखवायला. तिसऱ्या दिवशी मोबाइल खोलीवर विसरले, आणि ते जेवण होईपर्यंत लक्षातही आलं नाही.

याच्या पोटातलीच एक गंमत आहे. अनोळखी लोक आपल्याकडे बघत नाहीत, पण ओळखीचे बघतात, आणि आपण कसे आहोत हे त्यांनी पक्कं ठरवलेलं असतं. आमच्या घरात मी ‘पाण्याला घाबरणारी’. नावेत बसायची वेळ आली की मी काही म्हणायच्या आत सासूबाई म्हणतात, ‘तिला नको, ती काठावर सामान सांभाळेल.’ महेश्वरला नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथे नाव जाते. नावाड्याने विचारलं, ‘चलोगे?’ मी घाबरते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते आठवून द्यायला कुणी नव्हतं. बसले. घाबरलेही, पण जेवढी घाबरते म्हणून प्रसिद्ध आहे तेवढी नाही.

आता महेश्वरच्या घाटावरची आजी. निमाडात गेलं की परिक्रमावासी दिसतातच, आणि मराठी बोलणारे बरेच भेटतात. पांढरे कपडे, हातात काठी, खांद्याला झोळी. नर्मदा परिक्रमेचा मूळ नियम साधा आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. म्हणून ओंकारेश्वरहून उचललेली परिक्रमा दक्षिण काठाने पश्चिमेला जाते, समुद्राशी नावेने पलीकडे जाते आणि उत्तर काठाने माघारी वळते. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे, तिथे गेलं तर नदी ओलांडल्यासारखं होतं. म्हणून परिक्रमावासी अलीकडच्या काठावर ममलेश्वराचं दर्शन घेतात. नदीची लांबी सुमारे १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून सव्वीसशेच्या वर चाल. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. हल्ली पायी चालणारे बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत पुरी करतात.

आजी साताऱ्याकडच्या. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालेल्या, समुद्र गाठून आता उत्तर काठावर. झोळीचा तुटलेला बंद शिवत बसल्या होत्या. शिक्क्यांची वही आणि फडक्यात गुंडाळलेली नर्मदाजलाची बाटली शेजारी. ‘पोरी, सुई ओवून दे, उजेडाला दिसत न्हाय.’ ओवून दिली. म्हटलं, आजी, एकट्या चालता, भीती नाही वाटत? मला काहीतरी आध्यात्मिक ऐकायचं होतं, हे कबूल करते. आजी म्हणाल्या, ‘वाटती की. कुत्र्यांची लई वाटती.’

मग रात्रीचं सांगितलं. आज कुठे झोपायचं ते सकाळी माहीत नसतं. संध्याकाळी जे गाव लागेल तिथे ‘नर्मदे हर’ म्हणायचं. कुणी आश्रम दाखवतं, कुणी पडवी. काही ठिकाणी सदावर्त मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा, आणि आपलं आपण शिजवायचं. ‘घरात मी वाढायची, हितं मागायचं. पयले पंधरा दिस त्वांड उघडत न्हवतं.’ गावात दोन सुना आणि बारा माणसांचं घर चालवलेली बाई. तिला चालणं जड गेलं नाही, मागणं जड गेलं.

या एका वाक्यात मला परिक्रमेची सगळी रचना दिसली. हे नियम पाळले की माणसाचं घरचं पद गळून पडतं, रोज संध्याकाळी त्याला अनोळखी दारावर उभं राहावं लागतं, आणि तरीही तो पडत नाही, कारण काठावरच्या गावांना तो कोण हे शतकानुशतकं ठाऊक आहे. आपल्या वारीत दिंडी असते, माणूस कायम माणसांत असतो. इथे चालणं एकट्याचं आणि आधार साऱ्या काठाचा. एकट्या प्रवासाचा जो नमुना सगळीकडे दाखवतात, कड्याच्या टोकावर पाठमोरा उभा असलेला कुणाचीही गरज नसलेला वीर, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. एकटं निघालेल्या माणसाला लोकांची गरज जास्त पडते. बदल तिथेच होतो.

संशोधनही काहीसं इकडेच बोट दाखवतं. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोत लोकल आणि बसने रोज जाणाऱ्यांवर प्रयोग केले, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारच्या अनोळखी माणसाशी बोललात तर प्रवास कसा होईल, असं विचारल्यावर लोकांना वाटलं, त्रासाचा होईल. ज्यांना खरंच बोलायला लावलं त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला झाला. समोरच्याला बोलायचं नसेल असं दोघांनाही वाटत असतं, म्हणून दोघंही गप्प. बरोबर घरचं माणूस असलं की हा गैरसमज तपासायची वेळच येत नाही.

जर्मनीतल्या येना विद्यापीठातल्या ज्युलिया झिमरमन आणि फ्रान्झ नायर यांनी हजाराहून जास्त विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला, २०१३ चा अभ्यास आहे. काही महिने परदेशी राहून आलेल्यांमध्ये, मागे राहिलेल्यांच्या तुलनेत, नव्या गोष्टींबद्दलचा मोकळेपणा आणि इतरांशी जुळवून घेणं वाढलं, मनाची उलघाल कमी झाली. त्याचं मोठं श्रेय तिथे जोडलेल्या नव्या माणसांकडे जात होतं. हे विद्यार्थी शिकायला गेले होते, आपण म्हणतो तसे भटकायला नव्हे, तेव्हा हा निष्कर्ष आपल्या पाच दिवसांच्या सहलीला जसाच्या तसा चिकटवू नये. दिशा मात्र कळते.

तसाच दुसरा अभ्यास हायो ॲडम आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा. परदेशात राहून आलेल्यांना ‘मी कसा आहे’ याचं उत्तर जास्त स्पष्ट देता येतं का, हे त्यांनी पाहिलं. येतं, असं निघालं. पण किती देशांत राहिलात याने फरक पडत नव्हता, किती काळ राहिलात याने पडत होता. कारण रोज प्रश्न पडतो, ही सवय खरंच माझी, की आमच्याकडे सगळे असंच करतात म्हणून माझी?

माझ्या मूळ बेतात पाच दिवसांत ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू आणि उज्जैन होतं. यादी करायची सवय! धर्मशाळेतल्या त्या रात्रीनंतर मांडू आणि उज्जैन काढून टाकलं आणि उरलेले सगळे दिवस महेश्वरला राहिले. पहिल्या दिवशी अहिल्याबाईंचा राजवाडा, घाट, मागावरच्या साड्या, सगळं पाहून संपलं. तिसऱ्या दिवशी जबर कंटाळा आला. दुपारी घाटावर बसून धुणं धुणाऱ्या बायका मोजत होते. त्या कंटाळ्यातच माझ्या लक्षात आलं की तीन दिवस सकाळी नऊपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोललेले नाही आणि मला फार बरं वाटतंय. मला सकाळी बोलायला आवडत नाही. घरात सहा वाजल्यापासून मीच बडबड करून सगळ्यांना उठवते, तो माझा स्वभाव आहे असं सगळ्यांसारखं मलाही वाटायचं. ती नुसती कामाची पाळी होती.

शोध म्हणून तो फुटकळच. पण असे फुटकळ शोध चार जागा घाईने पाहणाऱ्याला लागत नाहीत, त्याला कंटाळा यायलाच वेळ मिळत नाही. शक्य असेल तर एकाच गावात चार रात्री राहा, एवढा एक सल्ला मी बिनधास्त देते.

बाकीचे सल्ले थोडक्यात. दिवसाउजेडी मुक्कामी पोचायचं. खोली ठरवताना ‘एकटी आहे’ हे आधीच सांगायचं. ११२ हा आणीबाणीचा आणि १३९ हा रेल्वेचा नंबर पाठ असावा. घरी रोज एक फोन, ठरलेल्या वेळी. दिवसात सात व्हिडिओ कॉल करणारा माणूस एकटा गेलेलाच नसतो, फक्त त्याचं शरीर गेलेलं असतं.

हे सगळ्यांनाच लागू पडतं असंही नाही. घरातल्या भांडणातून पळून गेलेला माणूस बहुधा भांडण सॅकमध्ये घालूनच नेतो. महिनोन् महिने मन खचलेलं असेल तर तिकिटाआधी डॉक्टर गाठावा. काही जणांना तर एकट्याने फिरून नुसता ताठा चढतो. ‘तुम्ही पर्यटक, आम्ही प्रवासी’ असं म्हणणारी मंडळी कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपमध्ये मिळतील. बाईला यासाठी पुरुषापेक्षा जास्त किंमत मोजावी लागते, खोलीची, वेळेची आणि प्रश्नांची. मी निघाले तेव्हा आईने पहिलं विचारलं, ‘भांडण झालंय का?’ माझा भाऊ दरवर्षी एकटा गडावर जातो, त्याला हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

आणि परत आल्यावर? प्रवासाचा आनंद चार-सहा दिवसांत विरला. कुकरच्या शिट्ट्या, ऑफिसातले इयर-एंडचे आकडे, सगळं होतं तसंच. सकाळची बडबड मात्र कमी केली. मुलगा म्हणतो, आई हल्ली रागावलेली असते. त्याला समजावणं चालू आहे.

गेल्या आठवड्यात धाकट्या जावेचा फोन आला. अक्कलकोटला जायचं म्हणते, एकटी, पहिल्यांदाच. लॉज कुठलं, खर्च किती, सुरक्षित आहे का, असं काही तिने विचारलं नाही. आवाज बारीक करून म्हणाली, ‘ताई, एक विचारू? स्टेशनवर बाथरूमला जायचं झालं तर बॅग कुणाकडे ठेवायची?’

मी म्हटलं, वेणी घालणारी बाई शोध.